विसण घालणारी मोटर आणि नाचणारं पाणी

जानेवारीतली पहाट. उत्तर गोव्यातल्या एका मध्यम हॉटेलच्या मागे, स्वयंपाकघर आणि लॉन्ड्रीच्या मधल्या बोळात, मी पाइपवरच्या थर्मामीटरकडे बघत उभा होतो. ३९. ४३. ४८. ५१. तिथे जरा थबकला आणि उतरायला लागला. ४६, ४०, ३६. मग पुन्हा वर. भिंतीवरच्या पेटीत रिले, म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, टक-टक, टक-टक करत होता. एका ठोक्याला मोटर एका बाजूला घुर्र करायची, पुढच्याला उलट्या बाजूला.

"पात्रांव, पाणी नाचतंय बघा," मेंटेनन्सचा मुलगा म्हणाला. "मोटर जळली म्हणून महिन्यापूर्वी नवी घातली. जुनीपेक्षा चौपट फास्ट आहे. तरी असं."

वर दुसऱ्या मजल्यावर तेव्हा कुणीतरी अंगाला साबण लावून उभं असणार.

त्या मुलाच्या "चौपट फास्ट"मध्येच सगळं उत्तर होतं, फक्त तो ते तक्रारीच्या जागी कौतुकाने सांगत होता. हल्ली पाणी तापवायला गच्चीवर सोलर, खाली हीट पंप आणि मधे गरम-गार मिसळणारा मोटरवाला व्हॉल्व्ह ही मांडणी हॉटेलांत असते, मोठ्या सोसायट्यांतही असते. पाणी एकदा भाजायला आणि एकदा गारठायला लागलं की लोक व्हॉल्व्ह बदलतात, मग मोटर बदलतात, शेवटी प्लंबर बदलतात. मोटर चालवणाऱ्या पेटीतल्या तीन-चार आकड्यांकडे सहसा कोणी बघत नाही. हा लेख त्या आकड्यांविषयी आहे.

विसण

आमच्या आजोळी न्हाणीत चुलीवर तांब्याचं भाण असायचं. त्यातलं कढत पाणी बालदीत काढायचं, वरून गार पाणी ओतायचं, हात घालून बघायचं, पुन्हा थोडं ओतायचं. हे विसण. आजीचा अंदाज असा की दुसऱ्या तांब्याला काम संपायचं. आम्ही मुलं घातलं की एकदा कोमट आणि एकदा चटका.

या कामात तीन माणसांची कामं एकाच बाईने केलेली असतात. हात पाणी किती गरम ते सांगतो, डोकं किती ओतायचं ते ठरवतं, आणि तांब्या ओततो. यंत्रात ही तीन कामं वेगळी होतात. हाताच्या जागी सेन्सर, डोक्याच्या जागी कंट्रोलर, तांब्याच्या जागी मोटरवाला व्हॉल्व्ह. या व्हॉल्व्हला तीन तोंडं असतात: एकातून गरम येतं, एकातून गार येतं, तिसऱ्यातून मिसळलेलं बाहेर जातं. मधला दांडा पाव वळण फिरला की पूर्ण गारपासून पूर्ण गरमपर्यंत सगळा प्रवास होतो. दांडा फिरवणारी मोटर अगदी लहान असते, तिच्या पोटात गिअर असतात, आणि ती मुद्दामच सावकाश फिरते. आपल्याला हवं ते तापमान, समजा ४५ अंश, म्हणजे सेट पॉइंट.

बालदीत आणि नळात एक फरक आहे. बालदीतलं पाणी आपली वाट बघत थांबतं. नळातलं थांबत नाही. चुकलेलं पाणी तोवर कुणाच्या तरी डोक्यावर पडून गेलेलं असतं.

मग पाणी ४५ अंशालाच का तापवत नाहीत?

हा प्रश्न मला प्रत्येक हॉटेलमालकाने विचारलेला आहे, आणि रास्त आहे. टाकीतच ४५ ठेवलं तर विसणाची भानगडच नको.

अडचण जंतूंची आहे. लेजिओनेला नावाचा जंतू साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात सुखाने वाढतो. शॉवरच्या तुषारांतून तो फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात संमेलनाला आलेले लोक आजारी पडले, काही दगावले, आणि त्याच्या तपासातून या जंतूची ओळख पटली. म्हणून साठवण ६० अंशांच्या आसपास किंवा वर करतात. पण ६० अंशांचं पाणी अंगावर पाच-एक सेकंद पडलं तर मोठ्या माणसाचीही कातडी खोल भाजते. मुलांना तेवढाही वेळ लागत नाही. म्हणजे टाकीत जे सुरक्षित ते नळाला धोक्याचं, आणि नळाला जे सुरक्षित ते टाकीत धोक्याचं. मधे विसण घालणारा कोणीतरी लागतोच.

नुसतं उघड-बंद का चालत नाही?

आपल्या खाजन शेतांच्या मानशी आठवा. खाडीच्या बांधातलं लाकडी दार. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी रेटतं आणि दार उघडतं. वीज नाही, मोटर नाही, शेतात खारं पाणी शिरत नाही. शतकानुशतकं चाललंय. मी याला गोव्यातला सगळ्यात जुना ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह म्हणतो आणि कोणी हसलं तरी माघार घेत नाही.

पण मानशीला मधली जागा माहीत नसते. उघडी किंवा बंद. तिला ते परवडतं, कारण भरती-ओहोटीचं एक चक्र सव्वाबारा तासांहून थोडं जास्त चालतं. गच्चीवरची टाकी भरायलाही हीच रीत पुरते. खालच्या खुणेला पंप सुरू, वरच्या खुणेला बंद. शॉवरला मात्र ६५ किंवा २७ असं पाणी देऊन चालत नाही. तिथे दांडा मधेच कुठेतरी उभा राहायला हवा, आणि नेमका कुठे ते घडीघडीला बदलतं.

कंट्रोलर आंधळा असतो

बहुतेक लहान व्हॉल्व्हच्या मोटरला तीन वायरी येतात. एक सामाईक, एक उघडायची, एक मिटायची. उघडायच्या वायरीत वीज दिली की दांडा उघडायच्या बाजूला फिरतो, वीज काढली की होता तिथेच थांबतो. टोकाला पोचला की आतला लिमिट स्विच वीज तोडतो. बस्स. दांडा आत्ता कुठे आहे हे कंट्रोलरला सांगणारी चौथी वायर बहुतेक वेळा नसतेच.

मग कंट्रोलरला कळतं कसं? वेळेवरून. त्याला एक आकडा आधी भरून द्यावा लागतो: या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला मोटरला किती सेकंद लागतात. याला प्रवासवेळ म्हणू. ती १२० सेकंद असेल आणि कंट्रोलरला दांडा १० टक्के सरकवायचा असेल, तर तो १२ सेकंद वीज देतो आणि दांडा सरकला असं धरून चालतो.

पावसाळ्यात रात्री वीज जाते तेव्हा आपण हेच करतो. पलंगापासून दारापर्यंत सात पावलं, मग डावीकडे मेणबत्ती. डोळ्यांची गरज नाही, पावलं मोजायची. आता एका रात्रीत तुमचं पाऊल चौपट लांब झालं आणि तुम्हाला ते कोणी सांगितलं नाही, तर? सात पावलं मोजाल आणि भिंतीवर आदळाल.

त्या हॉटेलात अगदी हेच चाललं होतं. जुनी मोटर १२० सेकंदांची. दुकानात ३० सेकंदांची मिळाली, ती बसवली. पेटीत आकडा राहिला १२०. कंट्रोलर १० टक्क्यांसाठी १२ सेकंद वीज द्यायचा, दांडा ४० टक्के उडी मारायचा. पाणी भाजायला लागलं की तितकीच मोठी उडी उलटी. याला कारखान्यात हंटिंग म्हणतात. मुलाचा शब्द मला जास्त आवडला, नाचणं.

उलटंही होतं. पेटीत ३० आणि मोटर १२०ची असेल, तर प्रत्येक दुरुस्ती पावपटच होते. पाणी नाचत नाही, पण गार पडलं की वर यायला इतका वेळ घेतं की पाहुणा अंघोळ आटपून निघून जातो. ही चूक कित्येक वर्षं उघडकीला येत नाही. मंद नोकरासारखी ती खपून जाते.

स्टॉपवॉच काढा, पण त्याआधी...

मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरतं. पण आधी वीज बंद करून, मोटरवरची खटकी दाबून, दांडा हाताने फिरवून बघा. कुठे अडकतोय? क्षार बसलेत? अडकणाऱ्या व्हॉल्व्हला कुठलाही आकडा सुधारू शकत नाही. बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या जागी हे आधीच बघावं.

मग दिशा. कंट्रोलर हातच्या पद्धतीवर घेऊन "उघड" दाबलं की खरंच गरम वाढतंय का? दोन वायरी उलट लागल्या असतील तर पाणी गार म्हणून कंट्रोलर उघडायला जाणार आणि प्रत्यक्षात मिटणार, मग आणखी उघडणार म्हणजे आणखी मिटणार. दांडा टोकाला जाऊन चिकटून बसतो. हे मी नव्या कोऱ्या बसवणीतही पाहिलेलं आहे.

आता वेळ मोजा. पूर्ण मिटलेल्यापासून पूर्ण उघडेपर्यंत, आणि परत. दोन्ही वेळा लिहून सरासरी. मोटरच्या पाटीवरचा आकडा आणि घड्याळावरचा आकडा थोडे वेगळे येतात, तेव्हा घड्याळावरचा भरायचा. इतकं केलं तरी निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात, हा माझा अनुभव.

फास्ट मोटर चांगली नव्हे का?

पेटीत मी १२०च्या जागी ३० भरले. थर्मामीटरची झेप कमी झाली, ४१ ते ४९ इतकी. थांबली मात्र नाही. इथे दुसरा आकडा आडवा आला.

कंट्रोलर मोटरला वीज देतो ती ठोक्याठोक्याने, आणि सगळ्यात लहान ठोका किती सेकंदांचा हेही पेटीत भरलेलं असतं. इथे १ सेकंद होता. गरम ६५ अंश, गार २७ अंश, म्हणजे दांड्याच्या पूर्ण प्रवासात ३८ अंशांचा फरक. प्रवास १२० सेकंदांचा असेल तर १ सेकंदाच्या ठोक्याने पाणी साधारण ०.३ अंश सरकतं. प्रवास ३० सेकंदांचा असेल तर त्याच ठोक्याने सव्वा अंशापेक्षा जास्त. म्हणजे अर्धा अंश कमी होतं म्हणून एक ठोका दिला, तर पाणी पाऊण अंश वर जाऊन बसतं. मग उलटा ठोका. हे कधीच संपत नाही. चिमटीने मीठ घालायचं तिथे पळीने घातल्यासारखं.

तिसरा आकडा डेड बँड. सेट पॉइंटच्या आजूबाजूची ती पट्टी, जिच्यात कंट्रोलरने गप्प बसायचं. पेटीत ही दोन्ही बाजूंना ०.१ अंश ठेवलेली होती, "अॅक्युरेट पाहिजे" म्हणून. आणि जुनी मोटर का जळली ते मला तिथे कळलं. तिचा सगळ्यात लहान ठोका ०.३ अंशांचा आणि गप्प बसायची पट्टी सगळी मिळून ०.२ अंशांची. त्या पट्टीत ती उतरणार कशी? महिनोन्महिने ती बिचारी पुढे-मागे करत राहिली, तापली, गिअर घासले, गेली.

रिलेचाही हिशेब करून बघा. दर १० सेकंदांनी एक ठोका म्हणजे दिवसाला ८,६४० ठोके. साध्या रिलेचं आयुष्य पूर्ण भारावर साधारण एक लाख ठोक्यांचं धरतात. लहान मोटरच्या हलक्या भारावर तो जास्त टिकतो हे खरं, पण लाखाचा आकडा बारा दिवसांत गाठला जातोय. अर्धा अंश पट्टी ठेवली तर अंघोळ करणाऱ्याला फरक जाणवतही नाही आणि पेटी बराच वेळ शांत राहते. पेटीतला शांतपणा हे माझ्या मते चांगल्या ट्यूनिंगचं, म्हणजे आकडे जुळवण्याचं, पहिलं लक्षण. आकड्यांकडे नंतर बघतो, आधी कान देतो.

"मग ठोका ०.३ सेकंदांचा करू की," मुलगा म्हणाला. हुशार होता. हिशेबाने ते बरोबर, पण गिअरमध्ये थोडा सैलपणा असतो. सायकलचं पेडल उलट फिरवून पुन्हा पुढे मारलं की सुरुवातीचं थोडं वळण रिकामंच जातं, तसं मोटरची दिशा बदलली की पहिला बारीक ठोका त्या सैलपणातच विरतो. कंट्रोलर धरून चालतो की दांडा सरकला, तो जागचा हललेला नसतो. शेवटी मी मालकाला सांगितलं की ही फास्ट मोटर काढा आणि १२० सेकंदांचीच आणा. जास्त पैसे देऊन संथ वस्तू घ्यायला त्यांचं मन तयार होईना. झाले, दोन दिवसांनी.

सेन्सर कुठे बसलाय?

व्हॉल्व्हपासून सेन्सर तीन मीटर लांब होता, कारण तिथे प्लंबरला हात घालायला जागा होती. २५ मिलिमीटरच्या पाइपमध्ये तीन मीटरला जवळजवळ दीड लिटर पाणी मावतं. पहाटे एकच शॉवर चालू असेल, मिनिटाला ६ लिटर, तर ते दीड लिटर सरायला १५ सेकंद लागतात. तितका वेळ कंट्रोलर जुनी बातमी वाचत असतो. सकाळी आठला सगळ्या खोल्या जाग्या होतात, मिनिटाला ६० लिटर धावतात, तेव्हा हाच उशीर दीड सेकंदावर येतो. उशिरा बातमी मिळणाऱ्याने घाईने निर्णय घेतले की काय होतं ते वेगळं सांगायला नको. म्हणून रात्री आणि पहाटे पाणी जास्त नाचतं, आणि दिवसा तपासायला आलेल्या माणसाला सगळं ठीक दिसतं.

सेन्सर व्हॉल्व्हपासून साधारण अर्ध्या मीटरवर आणावा. अगदी चिकटवूही नये, तिथे गरम आणि गार अजून नीट मिसळलेलं नसतं. सेन्सर ज्या नळीत खुपसतात ती कोरडी असेल तर आतली हवा उष्णता अडवते. उष्णतावाहक पेस्ट भरायची. अगदी स्वस्तातलं काम.

आणि एक: गरम व गार दोन्ही लायनींवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहेत ना ते बघा. नसले तर जास्त दाबाचं पाणी दुसऱ्या लायनीत घुसतं, आणि लोक मग कंट्रोलरला शिव्या घालतात.

पी, आय आणि डी: फेरीबोटीवरून

आता ज्याला सगळे घाबरतात ते: दुरुस्ती किती आणि कशी करायची हे ठरवणारी पेटीतली तीन अक्षरं. पणजीहून बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीत सुकाणू धरलेल्या माणसाकडे कधी नीट बघितलंय? बोट धक्क्याच्या रेषेपासून फार सरकली तर तो चाक जास्त फिरवतो, थोडी सरकली तर थोडंच. हा पी. चूक जितकी, तितकी दुरुस्ती.

ओहोटीची ओढ एकाच बाजूला सारखी असेल तर एवढ्याने भागत नाही. बोट जराशी बाजूलाच राहते. मग तो चाक थोडं कायमचं कलतं धरतो. ही थोडी-थोडी साचत गेलेली चूक वसूल करणं म्हणजे आय. पसरकाराच्या उधारीच्या वहीसारखं. रोजचे पाच रुपये कोणी मागत नाही, महिन्याने एकदम बिल येतं.

आणि बोट धक्क्याला लागायच्या आधीच, ती किती वेगाने वळतेय हे बघून, तो चाक उलटं फिरवून ठेवतो. पुढचं ओळखून केलेली ही सावधगिरी म्हणजे डी.

हे मी रंगवून सांगत नाही. निकोलस मिनॉर्स्की या रशियात जन्मलेल्या इंजिनिअरने सुकाणू धरणारे खलाशी काय करतात ते पाहून १९२२ साली ही तिन्ही कामं गणितात मांडली, आणि पुढे अमेरिकी युद्धनौकेवर त्याची चाचणीही झाली. त्या पेटीतली तीन अक्षरं मुळात एका खलाशाच्या हातातून आलेली आहेत.

आमच्या व्हॉल्व्हसाठी डी शून्य ठेवा. सेन्सरचा आकडा सारखा बारीक थरथरत असतो आणि डी त्या प्रत्येक थरथरीला दचकतो. मोटर उगाच नाचते.

प्रत्यक्ष आकडे कसे काढले

नवी संथ मोटर बसली, घड्याळावर ११८ सेकंद आले, तेच भरले. सेन्सर जवळ आणला. मग पहाटे साडेपाचला फक्त दोन शॉवर चालू ठेवून कंट्रोलर हातच्या पद्धतीवर घेतला. पाणी स्थिर होऊ दिलं. दांडा १० टक्के, म्हणजे १२ सेकंद उघडला आणि हात बाजूला घेतला.

सेन्सरला ६ सेकंद काहीच कळलं नाही. मग आकडा चढायला लागला, आणि साधारण २० सेकंदांत दोन-तृतीयांश चढ झाला. शेवटी पाणी जवळजवळ ४ अंश वाढून थांबलं. या तीन आकड्यांत त्या लायनीचा स्वभाव आला. दांड्याच्या एका टक्क्याला ०.४ अंश. मग एक अंश चुकला तर अडीच टक्के सरकवले की झालं? नाही. ६ सेकंदांचा उशीर आहे, म्हणून मुद्दाम हात आखडता घ्यायचा. मी दीड टक्का धरला. हा झाला पी. काही कंट्रोलर हाच आकडा उलटा मागतात: किती अंश चुकलं तर दांडा पूर्ण शंभर टक्के फिरवायचा? त्याला प्रपोर्शनल बँड म्हणतात. इथे तो ६७ अंश येतो. मुलगा दचकला. "६७? मागच्यांनी १० ठेवला होता!" मागच्यांनी १० ठेवला होता म्हणजे एक अंश चुकला की दहा टक्के, आणि त्या फास्ट मोटरवर चाळीस. आयचा वेळ, म्हणजे साचलेली चूक किती सावकाश वसूल करायची तो आकडा, २५ सेकंद ठेवला, लायनीच्या स्वतःच्या २० सेकंदांपेक्षा किंचित जास्त.

पुस्तकात झीग्लर आणि निकोल्स यांची १९४२ची रीत सापडते. पी वाढवत न्यायचा, यंत्रणा सारखी हेलकावायला लागली की तो आकडा आणि हेलकाव्याचा काळ टिपायचा, त्यावरून बाकीचं काढायचं. रीत खरी आहे, पण तिच्यातून निघणारे आकडे आक्रमक असतात, पाणी दोन-तीन हेलकावे घेऊन थांबतं. कारखान्यातल्या टाकीला चालेल. शॉवरखालच्या माणसाला नाही.

जानेवारीची पहाट मी हौस म्हणून निवडली नव्हती. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या टाकीत "गार" पाणीही ३५-३६ अंशांवर जातं. तेव्हा गरम-गारातला फरक ३० अंशांच्या आत येतो आणि दांड्याचा प्रत्येक टक्का कमी परिणाम करतो. मे महिन्यात गुळगुळीत चाललेली पेटी जानेवारीत नाचू शकते. जानेवारीत, त्यातही पहाटे, कमी पाणी चालू असताना जी शांत राहिली ती वर्षभर शांत राहते, फार तर मेमध्ये थोडी आळसावते.

ऑटोट्यूनचं बटण आहेच की!

आहे. चांगलंही आहे. कंट्रोलर स्वतःच पाणी थोडं वर-खाली झुलवतो आणि त्या झुलण्यावरून आकडे काढतो. १९८४ साली स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या कार्ल ऑस्ट्रॉम आणि टोरे हॅगलुंड यांनी मांडलेली ही युक्ती अनेक पेट्यांत पोचलेली आहे. पण ही युक्ती प्रवासवेळ स्वतः शोधत नाही, ती आधी खरी भरून द्यावी लागते. दुसरं म्हणजे झुलत असताना मधेच चार शॉवर सुरू झाले तर ती त्या गोंधळाचं मोजमाप करते. सकाळी आठला बटण दाबून निघून गेलेल्या माणसाचं काम मी अनेकदा निस्तरलंय.

वीज गेली तर?

तीन वायरींची मोटर वीज गेली की होती तिथे थांबते. तेवढ्यात सोलरचं पाणी ६५वरून ७५वर गेलं, तर विसण घालणारा झोपलेला आणि नळ उघडे. पावसाळ्यात जिथे वीज जाते-येते तिथे स्प्रिंगवाली मोटर घ्यावी, ती वीज गेली की गरमाची बाजू आपोआप मिटवते. शिवाय मोटरच्या पुढे विजेशिवाय चालणारा थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवावा, ४८ किंवा ५० अंशांवर आवळलेला. त्याच्या आत मेणाची कुपी असते, ती गरम झाली की फुगते आणि गरमाचं तोंड मिटवते. कंट्रोलर कितीही छान ट्यून झाला तरी भाजण्यापासून वाचवायचं काम त्याच्यावर सोडू नये. मालक इथेच पैसे वाचवायला बघतात आणि इथेच मी भांडतो.

वीज परत आली की आणखी एक छोटी गोष्ट. आंधळ्या कंट्रोलरचा पावलांचा हिशेब चुकलेला असतो. बऱ्याच पेट्या सुरू होताना दांडा एकदा मिटलेल्या टोकाला नेऊन, वर थोडा जास्त वेळ दाबून, शून्यापासून मोजणी सुरू करतात. ही सोय चालू आहे का ते बघा. वीज आल्यावर दोन मिनिटं पाणी गार येतं ते यामुळे. बिघाड नाही तो.

हॉटेलात आकडे भरले त्या दिवशी सात वाजेपर्यंत थर्मामीटर ४४.६ आणि ४५.३च्या मधे होता. रिले अधूनमधून एक ठोका द्यायचा, मग मिनिटभर काही नाही. आठला खोल्या जाग्या झाल्या, आकडा ४३पर्यंत उतरला, दीड-दोन मिनिटांत परत वर आला, सेट पॉइंटच्या पुढे फारसा गेला नाही. मुलाने पेटीचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला गणपतीचं स्टिकर होतं. त्याच्या खाली त्याने काळ्या मार्करने लिहिलं: मोटर ११८ सेकंद. मग जरा विचार करून तारीखही टाकली, आणि त्याखाली, माझ्याकडे न बघता: दुसरी मोटर घातल्यास हा आकडा बदलणे.